गाडीची वळचण

गाडीच्या खिडक्यांवर रेन गार्ड बसवावेत की नाही, असा प्रश्न आपल्या आयुष्यात कधी उभा राहील असं मला वाटलं नव्हतं. एक तर आपल्या दारात गाडी येईल असं वाटलं नव्हतं, आणि दुसरं म्हणजे पाऊस येईल हे आमच्या बेलापुरात कोणी फारसं गृहीत धरत नाही.

बेलापूर म्हणजे आमचं बेलापूर. हा खुलासा आम्हाला जन्मभर करावा लागतो. नवी मुंबईला एक बेलापूर झाल्यापासून तर रोज करावा लागतो. लोक विचारतात, "वा! म्हणजे खाडी जवळच असेल?" खाडी नाही. आमची प्रवरा नदी आहे, आणि तिला पाणी आहे की नाही ते महिन्यावर अवलंबून आहे. तालुका श्रीरामपूर, जिल्हा अहमदनगर. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण तोंडात अजून 'नगर'च येतं. धोंड-मनमाड रेल्वे १८७८ साली झाली तेव्हा गावापासून काही मैलांवर माळावर स्टेशन निघालं आणि त्याला नाव दिलं बेलापूर. पुढे त्या स्टेशनाभोवती जी वस्ती वाढली तिचं झालं श्रीरामपूर. म्हणजे बेलापूरला उतरणारा माणूस श्रीरामपुरात उतरतो, आणि श्रीरामपुरात उतरलेल्याला बेलापूरला यायला पुन्हा वाहन शोधावं लागतं. अशा गावचा माणूस इतिहासाचा मास्तर न होता तरच नवल.

तर मी हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालो, आणि पुण्याच्या चिरंजीवांनी नवी गाडी घेतल्यावर जुनी आम्हाला दिली. गाडीपाठोपाठ सूचना येऊ लागल्या. हवा तपासा, तेल बघा, कव्हर घाला. त्यातली शेवटची सूचना म्हणजे एक लांबट खोकं. ते आधी नवी मुंबईच्या बेलापूरला गेलं, तिथे काही दिवस राहून मग आमच्याकडे आलं. आत काळपट, वाकवलेल्या, चकचकीत अशा चार प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या. खोक्यावर समुद्रकाठच्या रस्त्यावरून धो धो पावसात जाणाऱ्या मोटारीचं चित्र होतं. चिरंजीव फोनवर म्हणाले, "बाबा, हे रेन गार्ड. काचेच्या वर चिकटवायचे. पावसात काच दोन बोटं खाली केली तरी पाणी आत येत नाही. नको असतील तर दहा दिवसांत परत करता येतात."

दहा दिवस! पानिपतावर भाऊसाहेबांना याहून जास्त वेळ होता, आणि तिथेही काय झालं ते आपण जाणतोच.

आईनं एक पट्टी हातात घेऊन उलटसुलट केली. तिचं वय चौऱ्याऐंशी. "कौल आहे का रे हे?"

"नाही गं. गाडीची वळचण आहे."

मी हे आपलं गमतीनं बोललो खरा, पण बोलल्यावर माझ्याच डोक्यात किडा वळवळला. मास्तरकी सुटली तरी हा किडा सुटत नाही. कोणत्याही प्रश्नाचा निर्णय घेण्याआधी त्याचा इतिहास बघावा, असं मी मुलांना तीस वर्षं सांगत आलो. मुलांनी ऐकलं नाही म्हणून मी स्वतः ऐकू नये असं थोडंच आहे?

पहिला पुरावा छपरांचा. एखाद्या मुलखात पाऊस किती पडतो हे पाहायला पर्जन्यमापक लागत नाही, घरं बघावीत. आमच्याकडची जुनी घरं धाब्याची. जाड मातीच्या भिंती, वर लाकडं, त्यावर पांढऱ्या मातीचा सपाट थर. मे महिन्यात नवी पांढरी माती टाकून धाबं चोपलं की वर्षाची बेगमी झाली. वळचण जवळजवळ नाहीच. धाब्यावर साचेल ते पाणी एका पन्हळीतून बाहेर. आता इथून पश्चिमेला निघा. संगमनेर, मग अकोले, मग राजूर. एकेक टप्पा पुढे जावं तशी छपरं उतरती व्हायला लागतात, कौलं दिसायला लागतात, वळचणी खाली खाली येतात. भंडारदऱ्याच्या बाजूला तर छप्पर घराच्या डोळ्यांवर टोपी ओढल्यासारखं बसलेलं असतं. एकाच जिल्ह्यात, शंभरेक किलोमीटरच्या अंतरात, हा फरक. आमच्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि घाटघरला कित्येक वर्षी पाच हजारांच्या वर. ढग सह्याद्रीवर धडकतात, तिथेच खाली होतात, आणि आमच्यापर्यंत पोचतात तेव्हा त्यांच्या खिशात मोड उरलेली असते.

मग बेलापूर परिसरात उसाची शेतं दिसतात ती कशी? ती पाटामुळे. प्रवरेवर भंडारदऱ्याला इंग्रजांनी १९१० साली धरण बांधायला घेतलं, ते १९२६ साली पुरं झालं. गव्हर्नर विल्सनसाहेबांचं नाव त्याला दिलं. त्या पाण्याचे कालवे खाली आमच्या मुलखात आले. जिथे बाजरीचं नशीब आभाळावर होतं तिथे ऊस उभा राहिला, हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना निघाला, आणि पुढे स्वातंत्र्यानंतर लोणीला विठ्ठलराव विख्यांचा सहकारी कारखाना झाला तोही याच पाण्याच्या जिवावर. सांगायचा मुद्दा, आमचा पाऊस वरून येत नाही, पश्चिमेकडून पाटानं चालत येतो. आणि पाटानं येणाऱ्या पावसाला खिडकीवर पट्टी लावून काय उपयोग? त्याला फार तर टायरवर लावावी लागेल.

हा पुरावा मी सौभाग्यवतींपुढे मांडला. कालनिर्णयच्या पानांवर मी पावसाच्या दिवसांना निळा टिंब काढतो. गेल्या वर्षीचे टिंब मोजून दाखवले, एकतीस. त्यातले अकरा रात्रीचे. "म्हणजे वर्षातून वीस दिवसांसाठी आपण गाडीला मिश्या लावायच्या?"

ही म्हणाली, "अहो, आणि राजूरचं विसरलात वाटतं?"

राजूर मी विसरलो नव्हतो. ते प्रकरण टाळून इतिहास लिहिता आला तर बघत होतो. असं बऱ्याच इतिहासकारांचं होतं.

झालं होतं असं, की आई साठ वर्षांहून अधिक काळ भंडारदऱ्याचं पाणी पितेय, पण ते पाणी पडतं कुठे हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये ती म्हणाली, "एकदा दाखव रे." आम्ही निघालो. अकोल्यापर्यंत ठीक. पुढे पाऊस असा लागला की रस्ता दिसेना. काचा लावल्या. तीन माणसांचे श्वास आत, बाहेर गारवा, काचा आतून धुरकटल्या. एसी लावावा तर आईला तो सोसत नाही, खांदा धरतो आणि खोकला सुरू होतो. काच उघडावी तर पाण्याची पिचकारी थेट मांडीवर. ही पुढे बसून फडक्यानं काच पुसतेय, मी नाक स्टिअरिंगला लावून गाडी हाकतोय, मागे आईचा खोकला. राजूरला पोचलो आणि परत फिरलो. परतीच्या वाटेवर आई एवढंच म्हणाली, "असू दे. पाणी काय, नळाला येतंच की."

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. तो तिनं काढला असता तर बरं झालं असतं.

तेव्हा गाड्यांचा इतिहास बघणं भाग पडलं. पावसात गाडीतल्या माणसानं बाहेर कसं बघावं आणि श्वास कसा घ्यावा, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. अमेरिकेत मेरी अँडरसन नावाच्या अलाबामाच्या बाई न्यूयॉर्कला गेल्या असता ट्रामने जात होत्या. बर्फाळ पाऊस पडत होता, आणि ड्रायव्हर पुढची काच उघडून, तोंडावर बर्फ घेत ट्राम चालवत होता. बाईंनी घरी येऊन आतून दांडा फिरवला की बाहेर रबराची पट्टी काच पुसेल अशी युक्ती काढली आणि १९०३ साली तिचं पेटंट घेतलं. १९०५ साली एका कॅनडाच्या कंपनीनं कळवलं की यात धंद्याच्या दृष्टीनं काही अर्थ नाही. पेटंटची मुदत संपली, आणि मग हळूहळू जगातली प्रत्येक गाडी वायपर लावून हिंडू लागली. बाईंना त्याचा एक पैसा मिळाला नाही. हे मी हिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बघा, पहिल्यांदा सगळे नकोच म्हणतात." इतिहास हे दुधारी शस्त्र आहे ते असं.

आपल्याकडे तोवर छकडा होता, टांगा होता, त्याला टप होता, आणि पाऊस आलाच तर घोंगडीची खोळ होती. खिडकीच नसल्यामुळे खिडकीचा प्रश्न नव्हता. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून सुटली ती आमच्या नगरलाच. त्या सुरुवातीच्या बेडफर्ड गाड्यांची बॉडी लाकडी होती आणि आसनं काथ्याची. ऐन जूनच्या पहिल्या तारखेला गाडी सुरू करणाऱ्यांचा नगर जिल्ह्याच्या पावसावर पूर्ण विश्वास असणार, तो येणार नाही असा. पुढे एस.टी.ला सरकत्या काचा आल्या. त्यातली आपल्या आसनाजवळची काच पावसात पुढे सरकत नाही आणि उन्हात मागे सरकत नाही, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव. पण तो दोष काचेचा की माझ्या नशिबाचा हे सांगता येत नाही.

खरी गंमत मोटारींत आहे. अ‍ॅम्बॅसडर १९५७ साली आली, आणि तिच्या जोडीला मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, जिचं पुढे प्रीमियर पद्मिनी झालं. या दोन्ही गाड्या आठवून बघा. पुढच्या दाराच्या काचेआधी एक छोटी त्रिकोणी काच असे. ती खिट्टी काढून फिरवली की हवी तेवढी हवा आत यायची, आणि पूर्ण उलटी फिरवली की पंख्यासारखा वारा थेट मानेवर. आणि दारांच्या वर, टपाच्या कडेनं, पत्र्याची बारीक पन्हळ असे. टपावरचं पाणी त्या पन्हळीतून पुढेमागे वाहून जायचं, खिडकीत गळायचं नाही. म्हणजे वळचण होतीच! पाऊस असताना त्रिकोणी काच बोटभर उघडी ठेवून माणसं मजेत गप्पा मारत जात.

मग १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली, तिच्यामागून नव्या नव्या गाड्या आल्या. गाड्या गुळगुळीत होत गेल्या. वाऱ्याला अडथळा होतो, आवाज येतो, जुनाट दिसते, म्हणून पन्हळ गेली. एसी आला म्हणून त्रिकोणी काचही गेली. आणि पन्हळ काढून टाकल्यावर लोकांना कळलं की पाऊस अजून पडतोच आहे. तेव्हा तीच वळचण प्लास्टिकची करून, खोक्यात घालून, वेगळे पैसे घेऊन विकायला आली. घराच्या भिंतीतला कोनाडा बुजवायचा आणि मग बाजारातून कपाट आणायचं, त्यातला हा प्रकार.

एवढं संशोधन होईपर्यंत आठ दिवस गेले. नववा दिवस उजाडला. मी विरुद्ध बाजूचीही कागदपत्रं तपासली. या पट्टीला चिकटपट्टी असते, ती आमच्या मे महिन्यात टिकेल का? कडेला धूळ अडकते, आणि उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की आमच्या रस्त्यांवर धुळीशिवाय दुसरं काही नसतं. वेगात असताना वारा शीळ घालतो म्हणतात. पण मी गाडी ज्या वेगानं चालवतो त्या वेगानं शीळ फक्त मागचे मोटारसायकलवाले घालतात, तेव्हा तो मुद्दा बाद. उलट एक फायदा मला ध्यानात आला, की उन्हाळ्यात गाडी बाहेर उभी करताना काच दोन बोटं उघडी ठेवली तरी दिसत नाही, आणि आतली तापलेली हवा बाहेर पडते. म्हणजे बेलापुरात रेन गार्डचा उपयोग पावसापेक्षा उन्हातच जास्त. निर्णय 'बसवावेत' या बाजूला झुकला.

श्रीरामपुरात गाड्यांची सीट कव्हरं वगैरे लावून देणारं एक दुकान आहे. तिथल्या पोरानं दाराच्या कडा पुसल्या आणि पहिली पट्टी मापाला लावली. आई गाडीतच मागे डाव्या बाजूला बसली होती. तिनं विचारलं, "बाळा, ह्यानं पाऊस आत येत नाही?"

"एक थेंब नाही येणार आजी. गॅरंटी."

"मग काच उघडायची कशाला?"

पोरगं हसलं. मी नाही हसलो. कारण आई हे कुठून बोलली ते मला कळलं.

१९७२ चा दुष्काळ. मी तिसरीत होतो. अमेरिकेतून आलेला लाल मिलो रेशनवर मिळायचा, त्याच्या भाकरी तांबड्या आणि चिवट. दुष्काळी कामावर सुकडी मिळायची. शाळेत मुलं कमी, कारण अर्धी आईबापांबरोबर खडी फोडायच्या कामावर. वडील मास्तर, त्यामुळे आम्ही खडी फोडली नाही, एवढंच. विहिरीच्या तळाशी दोर पुरत नव्हता. आणि १९७३ च्या जूनमधली एक संध्याकाळ. आईला दिवस भरलेले होते, कळा सुरू झाल्या, आणि गावातल्या डॉक्टरांनी आपल्या फियाटमधून तिला श्रीरामपूरच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. मागे आई आणि आजी, पुढे डॉक्टर, वडील आणि दोघांच्या मध्ये मी. वाटेत आभाळ अंधारलं, वारा सुटला, आणि टपावर ताशा वाजावा तसे थेंब पडायला लागले. डॉक्टर भरभर काच वर करायला लागले. तर मागून आई ओरडली, "काच लावू नका! लावू नका काच!"

डॉक्टरांनी गाडी एका बाभळीपाशी थांबवली. मागे वळून आईकडे पाहिलं. आणि मग या सभ्य, इस्त्रीच्या कपड्यांतल्या गृहस्थानं चारही काचा खाली केल्या, त्रिकोणी काचासुद्धा उलट्या फिरवल्या. पाऊस सरळ आत आला. आजी देवाचं नाव घेत होती, वडील चष्मा काढून बसले होते, आणि आई हात बाहेर काढून, कळांच्या मध्ये, हसत होती. दोनतीन मिनिटंच. मग डॉक्टर म्हणाले, "वहिनी, आता निघायला हवं," आणि काचा तशाच ठेवून गाडी हाकली. त्या रात्री मला बहीण झाली. तिचं नाव काय ठेवलं ते तुम्ही ओळखलं असेलच.

दुकानात उभ्या उभ्या मी पोराला म्हटलं, "तीनच लाव. मागची डावी राहू दे."

"काका, सेट चारचा असतो. विचित्र दिसेल."

"दिसू दे."

"आणि एक सुटी परत नाही घेणार कोणी."

"नको घेऊ दे."

"तीन लावले तरी मजुरी चारचीच पडेल हां," तो म्हणाला. माझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही हे त्यानं ओळखलं होतं, आणि त्यातून निदान व्यवहार तरी निघावा ही त्याची इच्छा रास्त होती.

या श्रावणात आम्ही पुन्हा निघालो. राजूर मागे पडलं. पुढच्या दोन्ही काचा दोन दोन बोटं खाली, पट्ट्यांच्या आडोशानं. बाहेरून वाहणारा वारा आतली दमट हवा ओढून नेत होता, काचा स्वच्छ, हिचं फडकं मांडीवर घडी घालून ठेवलेलं. रंध्याचा धबधबा पाहिला, धरण पाहिलं, आणि घाटघरच्या वाटेला लागलो. तिथे पाऊस पडत नाही, तो राहतो. वाटेतली कौलारू घरं वळचणी खाली ओढून बसली होती. आईनं आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली. एका क्षणात सीट, पातळ, पायाशी ठेवलेली डब्याची पिशवी, सगळं ओलं. ही मागे वळून "अहो आई, सर्दी होईल!" म्हणाली, आणि मग स्वतःच टॉवेल पुढे केला. आईनं तो खांद्यावर घेतला आणि हात बाहेर काढला.

"हेच येतं का रे आपल्याकडे?" तिनं विचारलं.

"हेच."

"केवढं लांबून येतं." ती बराच वेळ बघत राहिली.

सीट वाळायला पाच दिवस लागले आणि आईला सर्दी झाली नाही, मला झाली. चौथी पट्टी घरी होती. परवा हिनं ती दाराबाहेरच्या लाइटच्या मीटरवर लावून घेतली. तिथे पावसाचं पाणी गळत असे. चिरंजीव दिवाळीला येतील तेव्हा गाडीकडे आणि मग मीटरकडे बघून काय म्हणतील ते म्हणोत.